दिवा कोणी लावला, आणि तो बाहेरून कोणाला दिसतोय?

वाचकाचं पत्र:

नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते. मी एक कादंबरी लिहितीये, आठ वर्षांच्या मुलीच्या नजरेतून दिसणारं युद्ध. शहराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ते कुठलंही असू शकतं असं ठेवलंय. अंधार म्हणजे युद्ध आणि प्रकाश म्हणजे आशा ही इमेज मी सुरुवातीपासून धरलीये, मुलीकडे एक मेणबत्ती आहे जी ती शेवटपर्यंत जपते. आमच्या लेखनाच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवलं तर एक जण म्हणाला, "दर दोन पानांनी दिवा लागतो आणि वाटतं आता ही काहीतरी शिकवणार." वाईट वाटलं, पण त्याचं चुकलंय असंही म्हणवत नाही. मग रागारागाने सगळे दिवे काढून टाकले तर पुस्तक एकदम कोरडं झालं. काय करू? आणि शेवटी वीज परत येते, तो शेवट ठेवू की बदलू? तीन प्रकरणं, दिवे असलेला आणि दिवे काढलेला असे दोन्ही ड्राफ्ट, आणि शेवट सोबत पाठवतीये.
– मेणबत्तीवाली

उत्तर:

मेणबत्तीवाली ताई,

तिन्ही प्रकरणं वाचली, दुसरं दोनदा वाचलं कारण ते चांगलंय. तुमच्या ग्रुपमधल्या माणसाने कुठे दुखतंय ते बरोबर दाखवलं, पण का दुखतंय ते नाही सांगितलं. दिवे जास्त झालेत हा प्रॉब्लेमच नाहीये. तुमच्या पुस्तकातला एकही दिवा कोणी लावलेला नाहीये, हा प्रॉब्लेम आहे. मुलीला वाईट वाटलं की दिवा लागतो, आजी काहीतरी समजुतीचं बोलायला लागली की दिवा लागतो, आणि त्यात तेल किती उरलंय, काडी कोणी ओढली, खिडकी आधी झाकली का, कोणी ओरडलं का, यातलं काही म्हणजे काही नाही. अहो युद्धात दिवा लावणं ही केवढी मोठी गोष्ट असते, त्यावरून घरात भांडणं होतात, शेजारी दार ठोठावतात, माणसं मरतात सुद्धा. आणि तुमच्याकडे तो नुसता सुविचारासारखा भिंतीवर टांगलाय.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पुस्तकात जिथे जिथे उजेड आहे तिथे थांबून दोन प्रश्न विचारा: हा कोणी लावला, आणि तो बाहेरून कोणाला दिसतोय? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

कारण काय आहे ना, बॉम्बिंग होणाऱ्या शहरात उजेड आणि अंधार आपापल्या बाजू बदलतात. शांततेच्या काळात पोरं अंधाराला घाबरतात आणि आई दिवा लावून देते, युद्धात तीच आई धावत येऊन दिवा मालवते आणि म्हणते आता झोप, आता काही होणार नाही. या उलट्यापालट्याचं काय करायचं हे आठ वर्षांच्या डोक्याला कळत नाही, आणि माझ्या मते तुमची कादंबरी तिथेच आहे, आशा-निराशेत नाही. लंडनचं बघा. 1 सप्टेंबर 1939 ला ब्लॅकआउट, म्हणजे रात्री बाहेर उजेड दिसू द्यायचा नाही हा नियम, सुरू झाला, म्हणजे ब्रिटनने युद्ध जाहीर करायच्या दोन दिवस आधीच. खिडकीच्या फटीतून उजेडाची रेघ जरी बाहेर आली तरी गस्तीवरचा वॉर्डन खालून ओरडायचा. माणसं अंधारात गाड्यांखाली येत होती म्हणून फुटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवल्या. आणि चंद्र! लख्ख चांदणं पडलं की लोकांना धडकी भरायची, कारण खाली थेम्स नदी चकाकते आणि वैमानिकाला रस्ता सापडतो. आता या घरातल्या मुलीला कोणी चंद्राची गोष्ट कशी सांगणार? पौर्णिमेला घरातले मोठे चिडचिडे होतात आणि ढगाळ रात्री जरा हसतात, एवढंच तिला दिसणार. हा एक अख्खा सीन आहे आणि त्यात 'आशा' हा शब्द कुठेच लागत नाही.

1939 मध्ये तिथे जन्मलेलं मूल बोलायला चालायला लागलं, चार-पाच वर्षांचं झालं, तरी रस्त्यावरचे दिवे लागलेले त्याने पाहिलेलेच नसणार, कारण ब्लॅकआउट सैल झाला तोच मुळी सप्टेंबर 1944 मध्ये. अशा मुलाला अंधाराची भीती वाटेल असं आपण गृहीत का धरायचं? त्याच्यासाठी अंधार ही रोजची गोष्ट आहे, उजेडच विचित्र. (तुमची मुलगी आठ वर्षांची आहे म्हणजे तिला आधीचं आठवतंय, हे चांगलंय, तिच्याकडे दोन्ही आहे. तिला एखादा लहान भाऊ दिला तर? त्याला आधीचं काही आठवत नसेल. या दोघांमधल्या एका साध्या बोलण्यात तुमचं अर्धं काम होईल.)

आता सुंदर दिसणाऱ्या उजेडाबद्दल बोलू, कारण तुमच्या पहिल्या प्रकरणात बॉम्ब पडतात तेव्हा आकाश "भेसूर" होतं, "अक्राळविक्राळ" होतं. हे विशेषण मुलीचं नाही, तुमचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानं जर्मन शहरांवर रात्री यायची तेव्हा आधी पुढची विमानं निशाणासाठी जळते फ्लेअर सोडायची, रंगीत, झुंबरासारखे पसरत पसरत सावकाश खाली येणारे. जर्मन लोक त्याला काय म्हणायचे माहितीये? ख्रिसमस ट्री. कारण ते तसेच दिसायचे. आणि ते डोक्यावर दिसले याचा अर्थ पुढच्या काही मिनिटांत बॉम्ब तिथेच पडणार. मुलाच्या जागी उभं राहून विचार करा: आकाशात इतकं सुंदर काहीतरी आयुष्यात पहिल्यांदाच दिसतंय, मान वर करून बघावंसं वाटतंय, आणि आई दंड धरून तळघराकडे ओढतीये. ते सुंदर होतं हे मुलाला नंतर कोणाला सांगताही येत नाही, कारण त्याच रात्री शेजारचं घर गेलं. मुलाने युद्ध *पाहणं* म्हणजे मला तरी हेच वाटतं, की डोळ्यांना आवडलेली गोष्ट आणि झालेली गोष्ट एकच निघते. तुमच्या मुलीला एकदा तरी काहीतरी सुंदर दिसू द्या, आणि तिला त्याबद्दल माफी मागायला लावू नका.

दिवसाचं विसरू नका हेही सांगायचंय. तुमच्या तिन्ही प्रकरणांत वाईट ते सगळं रात्री घडतं आणि सकाळ झाली की लोक श्वास सोडतात. सोयीचं आहे, पण युद्ध असं वागत नाही. स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले 26 एप्रिल 1937 ला, दुपारी साडेचारच्या सुमारास, भर उजेडात, पुढचे जवळजवळ तीन तास. पिकासोचं त्यावरचं चित्र पाहिलं असेलच तुम्ही, काळं-पांढरं-करडं. त्यात वरती एक विजेचा बल्ब आहे, डोळ्यासारखा, टोकदार किरणांचा, आणि त्याला लागूनच खिडकीतून एक बाई हात लांब करून दिवा धरतीये. म्हणजे दोन दोन दिवे आहेत चित्रात! पण त्यांच्यामुळे कोणाला ऊब येत नाहीये, कोणी वाचत नाहीये, ते फक्त दाखवतायत. डावीकडे मेलेलं मूल घेऊन आई ओरडतीये, तेही आपल्याला दिसतंय. दिवा म्हणजे आशा असं मानणाऱ्याने या चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहावं, फोटोसमोर राहिलं तरी चालेल.

आणि हिरोशिमा. 6 ऑगस्ट 1945, सकाळचे 8:15, स्वच्छ ऊन, धोक्याचा इशारा थोड्या वेळापूर्वीच उठवलेला. हजारो शाळकरी मुलं त्या वेळी बाहेर उघड्यावर होती, आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायच्या कामाला त्यांना लावलं होतं. वाचलेल्या लोकांच्या आठवणींत क्रम पुन्हा पुन्हा तोच येतो, आधी डोळे दिपवणारा झोत आणि मग अंधार, भर सकाळी, धुळीचा आणि धुराचा. अंधाराने उजेड गिळला वगैरे आपण लिहितो ना, तिथे उजेडानेच अंधार केला. यावर मी जास्त बोलत नाही, एवढंच की तुमच्या मनातलं समीकरण टिकणारं नाहीये हे दाखवायला एवढं बास आहे.

आता "कुठलंही शहर". खरं सांगू का, मला हे पटलेलं नाही. तुम्हाला वाटतं नाव नाही दिलं की ते सगळ्यांचं होतं, पण उजेडाच्या बाबतीत 'कुठलंही' असं काही नसतंच. लेनिनग्राडचा (रशियातलं आजचं सेंट पीटर्सबर्ग) जर्मन वेढा 8 सप्टेंबर 1941 ला सुरू झाला आणि 27 जानेवारी 1944 ला संपला. तिथे डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो आणि जूनमध्ये रात्र धड होतच नाही, आकाश रात्रभर फिकट राहतं. म्हणजे लपायला अंधार हवा असेल तर उन्हाळ्यात तो मिळतच नाही, आणि हिवाळ्यात जेव्हा घरांची वीज गेली, काच फुटली, मुलांना दिवसाला 125 ग्रॅम ब्रेड मिळत होता तेव्हा अंधार संपता संपत नव्हता. घरात कोप्तिल्का म्हणजे आपली चिमणी असते तसा, उजेडापेक्षा काजळीच जास्त देणारा दिवा. आणि एक बारीकशी गोष्ट, लोक कोटावर अंधारात चमकणारे बिल्ले लावायचे, एकमेकांवर आपटू नये म्हणून. आता आठ वर्षांच्या मुलीची उंची धरा. मोठ्यांच्या छातीवरचे ते हिरवट ठिपके तिच्या डोक्याच्या जरा वर तरंगत येतायत जातायत, माणूस दिसतच नाही, आणि त्यातला आपल्या आईचा कुठला? असं काही तुम्हाला 'कुठलंही शहर' ठेवून सुचणार नाही.

बोस्नियातल्या सारायेव्होच्या वेढ्यात, 1992 च्या एप्रिलपासून 1996 च्या फेब्रुवारीपर्यंत, पुन्हा वेगळं. तिथे डोंगरावर स्नायपर, लपून नेम धरणारे बंदूकधारी, म्हणजे भीती दिवसाची, उघड्या चौकाची, स्वच्छ हवेची. धुकं आलं तर बरं. स्नायपरला दिसू नये म्हणून रस्त्यांवर आडवी कापडं टांगायचे. घरात बरणीत पाणी, त्यावर थोडंसं तेल, त्यात तरंगती वात, झाला दिवा. फुटलेल्या काचांच्या जागी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने दिलेलं प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक डोक्यात ठेवा जरा: त्यातून उजेड आत येतो पण बाहेरचं काही दिसत नाही. मुलीला कळतं दिवस झालाय, एवढंच कळतं. दुधाळ उजेड आणि बाहेरून नुसते आवाज. आणि आजचं युद्ध घ्यायचं असेल तर ते अजून वेगळं, युक्रेनमध्ये 2022 च्या ऑक्टोबरपासून वीज केंद्रांवर हल्ले व्हायला लागले तेव्हा मुलांनी अभ्यास केला तो मोबाईलच्या टॉर्चवर आणि कपाळावर बांधायच्या दिव्यावर, तिथे तेल मोजत नाहीत, बॅटरीचे टक्के मोजतात. तर शहराचं नाव पुस्तकात छापू नका हवं तर, पण तुम्हाला स्वतःला ते माहीत पाहिजे. कुठलं अक्षांश, कुठला महिना, वीज कधी गेली, काच आहे की प्लॅस्टिक, वरून विमान येतंय की डोंगरावर बंदूक आहे. हे ठरलं की कुठला उजेड चांगला आणि कुठला वाईट हे आपोआप ठरतं, तुम्हाला ठरवावं लागत नाही.

आता जरा बारीक, पण याने फार फरक पडतो. दुसऱ्या प्रकरणात पूर्ण काळोख्या तळघरात मुलीला "लालभडक रक्त" दिसतं. नाही दिसणार. मंद उजेडात डोळ्याला रंग कळतच नाहीत, आणि लाल तर सगळ्यात आधी जातो, काळा दिसायला लागतो. तिला फरशीवर काहीतरी काळं, ओलं दिसेल, पाणी सांडलंय असं वाटेल, मग हात चिकट लागेल. रंग कळेल तो सकाळी, किंवा कोणी काडी ओढली तर, आणि मग ती काडी ओढणारा माणूस कोण हे एकदम महत्त्वाचं होतं बघा. तसंच डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक काडी ओढली की सगळं गेलं, परत पहिल्यापासून सुरू. तळघरात बसणारी पोरं हे पुस्तकात न वाचता शिकतात, काडी ओढायच्या आधी एक डोळा घट्ट मिटून घेणं वगैरे. अंधुक वस्तूकडे सरळ बघितलं तर ती नाहीशी होते, जरा बाजूला बघितलं तर दिसते, हेही खरं आहे. युद्धाकडे मूल असंच बाजूने बघतं असं लिहायचा मोह तुम्हाला होईल. लिहू नका. तिला नुसतं बाजूला बघू द्या.

आणि तोफेचं: आधी उजेड दिसतो, मग आवाज येतो, किलोमीटरला साधारण तीन सेकंद. मुलं मोजतात. तुमच्या मुलीला मोजायला शिकवा, आणि हे मोजणं तिला शिकवलं कोणी तेही ठरवा, आजोबांनी की वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलाने, कारण नंतर तो शिकवणारा नसेल आणि ती मोजत असेल.

कोरडेपणाबद्दल. तुम्ही दिवे काढले म्हणून पुस्तक कोरडं नाही झालं, दिव्यांबरोबर घरातली माणसं एकमेकांना हात लावायची तेवढे सगळे सीन पण गेले म्हणून झालं. दोन्ही ड्राफ्ट शेजारी ठेवून वाचले मी, आजी केस विंचरते तो परिच्छेद दिव्यात होता म्हणून उडवलात! तो परत आणा, अंधारातच आणा, बोटांनी भांग पाडतीये असा. उजेडात होतं त्यापेक्षा चांगलं होईल, लिहून बघा.

मेणबत्तीचं एक उदाहरण करून दाखवते म्हणजे नुसतं बोलल्यासारखं नको. तुमचं वाक्य असं आहे: "तिच्या चिमुकल्या हातातली ती ज्योत म्हणजे साऱ्या काळोखाविरुद्धचं एक एकाकी बंड होतं." हे वाक्य आठ वर्षांचं कोणी बोलत नाही, विचारही करत नाही, हे बोलणारा माणूस तळघरात नव्हताच. त्याऐवजी समजा असं काही:

"मेणबत्तीवर आईने नखाने रेघा मारल्या होत्या. आज पहिल्या रेघेपर्यंत. रेघ आली की आई फुंकर मारायची, मी वाचत असले तरी, अर्ध्या शब्दावर असले तरी. म्हणून मी आता शब्दाच्या शेवटाकडे घाई करायला लागले होते. त्या दिवशी वरच्या काकू आल्या आणि आईने रेघ गेली तरी फुंकर मारली नाही. मला कळलं की काहीतरी झालंय."

बघा, आशा नाही, बंड नाही, ज्योत हा शब्दसुद्धा नाही. दिवा कोणी लावला हे माहीत आहे, किती जळणार हे माहीत आहे, आणि नियम मोडला तेव्हा बातमी वाईट आहे हे मुलीला कोणी न सांगता कळलं, वाचकाला पण. म्हणजे इथे जास्तीचा उजेड ही वाईट गोष्ट झाली. एवढं झालं की ती मेणबत्ती पुस्तकभर वापरा, कोणी तक्रार करणार नाही, ग्रुपमधला तो तर नाहीच.

एक धोका मात्र आहे. हे सगळं वाचून तुम्ही नुसतं उलटं समीकरण करून बसाल, अंधार चांगला आणि उजेड वाईट. तेही तितकंच कंटाळवाणं. काही दिवे खरंच चांगलेच असतात, डॉक्टर टाके घालत असताना कोणीतरी कंदील धरून उभं असतं आणि त्याचा हात भरून येतो पण तो हलत नाही. असा एखादा ठेवा. फक्त तो कंदील कोणाचा, आणि खिडकी झाकलीये ना, ते बघा.

निवेदनाचं पण ठरवा. आत्ता कधी आठ वर्षांची मुलगी बोलते आणि कधी मोठी झालेली बाई मागे वळून बोलते, एकाच परिच्छेदात सुद्धा. मोठी बाई बोलत असेल तर तिला थोडंफार अर्थ लावायची परवानगी आहे, थोडंफारच. मुलगी बोलत असेल तर अजिबात नाही. माझं मत विचाराल तर मुलगीच ठेवा, तुमचा कान तिच्या बोलण्याला चांगलाय, ती आईला "तू खोटं खोटं झोपतेस" म्हणते ते वाक्य तर मला फार आवडलं.

राहिला शेवट. वीज परत येते, सगळं घर उजळतं, मुलगी मेणबत्ती विझवते आणि हसते. वीज येऊ द्या, ती येतेच एक दिवस. पण इतके महिने जिला शिकवलंय की खिडकीत उजेड म्हणजे मरण, तिच्या घरात अचानक सगळे बल्ब एकदम लागले तर ती हसेल? मला वाटतं ती आधी बटणाकडे धावेल, बंद करायला. मोठे हसतील, रडतील, शेजाऱ्यांना हाका मारतील आणि ती खोल्याखोल्यांतून बटणं बंद करत फिरेल आणि तिच्यावर कोणीतरी वैतागून ओरडेल. हे लिहा, आणि त्यानंतर आजीचं जे दीड पानाचं बोलणं आहे ते पूर्ण काढा, एक ओळ पण ठेवू नका. आणि उजेडात तिला घर पहिल्यांदा नीट दिसेल ना इतक्या दिवसांनी, भिंतींवरची काजळी, आईचे पिकलेले केस, तर ते बघू द्या तिला, घाई नको.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतेच, पुस्तकाच्या नावात अंधार आणि किरण दोन्ही आहेत. ते बदलायला लागेल, पण आत्ता त्यात वेळ घालवू नका, आधी दुसरं प्रकरण परत लिहा आणि मला पाठवा, तळघराचा सीन मला बघायचाय.